हाफ क्लच मास्तरांची नवी गाडी

एकतीस वर्षं मास्तरांनी गाडीत डावीकडच्या सीटवर बसून काढली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला त्या बाजूलाही पायाशी एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला की मास्तरांचा पाय आधी खाली जायचा आणि तोंड नंतर उघडायचं. तोंड उघडलं की एकच हाक ऐकू यायची, "हाफ क्लच! अहो, हाफ क्लच!" गाडी चढावर थांबलेली असो, गर्दीत मुंगीच्या पावलांनी सरकत असो की मागे घ्यायची असो, मास्तरांच्या मते जगातल्या निम्म्या अडचणींवर अर्धा दाबलेला क्लच हाच इलाज होता. त्यावरून त्यांचं नाव हाफ क्लच मास्तर पडलं. तोंडावर हे नाव कुणी घेत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं.

शिकवायला माणूस कडक. "दोन महिन्यांत गाडी येईल, पण पहिल्या आठ दिवसांत रडू येईल," हे ते फॉर्म भरून घेतानाच सांगून टाकायचे. रडलेल्यांत एक वकील होता, दोन शाळामास्तर होते, एक तर चांगला दांडगा कुस्तीगीर होता. वैद्यकीय कॉलेजात शिकणारी एक मुलगी भर चौकात गाडी बंद पडल्यावर स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देत बसली होती आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून आकाश डोक्यावर घेतलं होतं. मास्तर शांतपणे म्हणाले होते, "रडून झालं की डावीकडचा आरसा बघा, उजवीकडचा बघा, आणि गाडी सुरू करा. घाई नाही."

एवढं शहर शिकवलं, पण घरचं माणूस राहून गेलं. लग्नानंतर सहाव्या वर्षी त्यांनी बायकोला शिकवायला घेतलं होतं. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी तिच्याकडून तिसऱ्याऐवजी पहिला गिअर पडला, गाडीने आचका दिला आणि मास्तर रस्त्यातल्या चार माणसांना ऐकू जाईल असं काहीतरी बोलले. तिने हँडब्रेक ओढला, पर्स उचलली, दार उघडलं आणि चालत घरी गेली. त्या दिवसानंतर ती उजवीकडच्या सीटवर बसली नाही. बाई अबोल. शाळेच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी. काचेची भांडी धुवून, पुसून, जागच्या जागी ठेवायची. घरातही तसंच, आवाज न करता.

ऑटोमॅटिक गाड्या आल्या तेव्हा स्कूलच्या मालकाने एक घेऊ या म्हणून पाहिलं. मास्तरांनी साफ उडवून लावलं. "लिफ्टने वर गेलेला माणूस जिना चढून आलो म्हणून सांगतो का?" ते म्हणाले. तो विषय तिथेच मिटला.

मग एका मंगळवारी सकाळी ते घडलं.

गोदामांच्या शेजारच्या चढावर ते एका बेकरीवाल्या बाईंना रिव्हर्स शिकवत होते. बाई मुळातच घाबरट. गाडी थोडी मागे घरंगळली तसे मास्तर ओरडले, "हाफ क्लच!" पण ओरडणं त्यांच्या स्वतःच्याच कानांना जाड लागलं, तोंडात कापूस कोंबल्यासारखं. सवयीने त्यांनी आपला पाय ब्रेककडे नेला. उजवा गेला, पण तोवर उशीर झाला होता. आणि डावा क्लचवर गेलाच नाही. तो होता तिथेच पडून राहिला. मास्तर त्याला हुकूम देत होते आणि तो ऐकत नव्हता, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. गाडी गोदामाच्या भिंतीला हलकीशी टेकली आणि बंद पडली.

"चुकलं मास्तर, माझं चुकलं," बाई म्हणायला लागल्या. "रागावू नका, परत करते."

तुमचं काही चुकलेलं नाही, असं मास्तरांना सांगायचं होतं. तोंडातून नुसती लाळ आली. बाईंना वाटलं, आज मास्तर इतके संतापलेत की शब्दच फुटत नाही. त्यांनी आणखी तीन-चार वेळा माफी मागितली आणि मगच मान वळवून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

मेंदूच्या उजव्या बाजूची एक रक्तवाहिनी तुंबली होती. हॉस्पिटलात एकोणीस दिवस गेले. बोलणं दहाव्या दिवशी बरंचसं ठिकाणावर आलं. डावा हात मात्र आला नाही. कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा तो त्यांच्या मांडीवर पडून असायचा. डाव्या पायात हळूहळू थोडा जीव आला. काठी घेऊन, पाऊल ओढत, ते घरातल्या घरात फिरायला लागले. दर गुरुवारी फिजिओकडे जायचं. ती मुलगी हसतमुख होती, पण मास्तरांनी "क्लच कधी दाबता येईल?" असं विचारलं की हसू आवरतं घ्यायची. "आधी जिना, मग क्लच," ती म्हणायची.

मास्तरांना एवढा दम नव्हता. स्वयंपाकघरात पायाने झाकण उघडायची कचऱ्याची बादली होती. पायाखालची पट्टी दाबली की झाकण वर, सोडली की खाली. मास्तरांनी ती ओढून खुर्चीपुढे आणली आणि क्लच समजून दाबायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात पट्टी हलतच नव्हती. तिसऱ्या आठवड्यात झाकण पुरतं उघडलं आणि मास्तरांनी बायकोला हाका मारमारून बोलावलं. पण खरी गोम पुढे होती. दाबलेली पट्टी हळूहळू सोडायची, झाकण मधेच, अधांतरी धरायचं, हे काही जमेना. पाय एक तर सगळा दाबायचा नाही तर सगळा सोडायचा. झाकण दरवेळी धाडकन आपटायचं. सकाळी बायको शाळेत निघताना धाड, दुपारी ती परत आली की धाड. दिव्याची वेळ होईपर्यंत चालायचं. एक दिवस ते थांबले आणि म्हणाले, "मला आता पूर्ण क्लच येतो. हाफ येत नाही." ती भाजी चिरत होती. तिने हातातली सुरी खाली ठेवली.

तिला आणखी एक गोष्ट माहीत होती. ती मास्तरांना माहीत नव्हती. हॉस्पिटलातून निघताना फिजिओने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मास्तरांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, पण डावीकडचं जग त्यांच्या मनातून गेलंय. दिसत नाही असं नाही, तिकडे काही आहे हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. सुधारेल कदाचित, कदाचित नाही. घरी आल्यावर तिने पाहिलं. मास्तर ताटातलं उजवीकडचं सगळं जेवायचे आणि डावीकडचं तसंच टाकून उठायचे. दाढी करायचे ती एका उजव्या गालाचीच. तिने सुरुवातीला दोनदा सांगून पाहिलं, "अहो, इकडचं राहिलंय." ते म्हणाले, "पोट भरलं माझं." दाढीचं सांगितलं तर म्हणाले, "आरसा डाग पडलेला आहे, नवा आण." मग तिने सांगायचं सोडलं. जेवण निम्म्यावर आलं की ती पाणी वाढायच्या निमित्ताने ताट हळूच फिरवून ठेवायची. मास्तरांना वाटायचं, बायकोने आणखी वाढलं.

एका दुपारी ती शाळेतून आली तर फाटक वाकलेलं. मास्तर अंगणात त्यांच्या जुन्या गाडीत बसलेले, इंजिन बंद, उजवा हात स्टिअरिंगवर. डाव्या बाजूच्या सगळ्या कुंड्या फुटून माती पसरली होती.

"क्लच सुटला एकदम," ते म्हणाले.

"लागलं नाही ना?"

"कुठे?"

कुंड्यांबद्दल ते काहीच बोलले नाहीत. फाटक पाहिलं, कारण ते समोर होतं. कुंड्या त्यांनी पाहिल्याच नाहीत. तिने केरसुणी घेतली आणि माती भरली.

त्या आठवड्यात लेकीचा फोन आला. लेक दूरच्या शहरात विमा कंपनीत होती. बापासारखीच सरळ मुद्द्यावर येणारी. मास्तरांनी फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, जुनी गाडी काढून टाका आणि ऑटोमॅटिक घ्या. क्लचची भानगडच नाही."

"लिफ्ट घेऊ म्हणतेस?"

"मग दुसरी गोष्ट सांगते. साधी गिअरचीच घ्या, पण आई चालवेल. तिला शिकवा."

मास्तर हसले. आजारपणानंतर हसू तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातच यायचं. "तुझी आई? तिच्या हातात गिअर दिला तर तो पुसून फडताळात ठेवेल."

बायको दारातच उभी होती. "मी शिकेन," ती म्हणाली.

"कुणाकडून?"



त्यानंतर तीन आठवडे मास्तर चिडचिडे झाले, रात्री झोपही लागेना. मॅन्युअल घ्यायची म्हणजे आयुष्यभर बायकोच्या शेजारी बसायचं, आणि तिलाही चालवता येईल की नाही याची खात्री नाही. ऑटोमॅटिक घ्यायची म्हणजे एकतीस वर्षं ज्याची टिंगल केली तेच गळ्यात बांधून घ्यायचं. पण त्यात चालवणार ते स्वतः. शेवटी एका शनिवारी, काही न ठरवता, ते दोघं शोरूममध्ये गेले.

टाय लावलेला विक्रेता तोंडात साखर ठेवूनच बोलत होता. "सर, मॉडेल एकच, प्रकार दोन. मॅन्युअलमध्ये मजा, ऑटोमॅटिकमध्ये आराम. आणि ऑटोमॅटिकच्या ह्या वरच्या प्रकारात मजाही आणि आरामही."

मास्तरांनी आधी मॅन्युअलमध्ये बसायचं ठरवलं. बसायलाच वेळ लागला. नव्या कापडाचा वास, चकचकीत गिअर. त्यांनी डावा पाय उचलून क्लचवर ठेवला आणि दाबला. तो गेला, थेट तळापर्यंत. मग त्यांनी उजव्या हाताने डावा हात मनगटाला धरून उचलला आणि गिअरच्या गोळ्यावर ठेवला. हात थोडा वेळ तिथे राहिला. नंतर बोटं घसरली आणि तो दोन सीटच्या मधल्या खाचेत जाऊन पडला. विक्रेत्याने खिशातून फोन काढून बघितल्यासारखं केलं. मास्तरांचा पाय क्लचवरून धाडकन सुटला.

"दुसरी दाखवा," ते म्हणाले.

दुसऱ्या गाडीत क्लच नव्हताच. डाव्या पायाला तिथे काही कामच नव्हतं. विक्रेत्याने वाकून स्टिअरिंगच्या मागे बोट दाखवलं. तिथे दोन्ही बाजूंना बोटाएवढ्या दोन पट्ट्या होत्या. "ही पॅडल्स, सर. गाडी आपोआप गिअर बदलतेच, पण तुम्हाला वाटलं तर तुम्ही बदला. हात स्टिअरिंगवरून काढायचा नाही. उजवीकडचं ओढलं की गिअर वर, डावीकडचं ओढलं की खाली."

मास्तर ताठ बसले. "म्हणजे गिअर मीच टाकायचा?"

"तुम्हीच, सर."

"आणि गाडी ऐकते?"

"ऐकते. अगदीच चुकीचा टाकलात तर मात्र नाही ऐकत."

"मग माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा शहाणी आहे." बऱ्याच महिन्यांनी मास्तरांनी विनोद केला होता. त्यांनी उजव्या हाताच्या बोटांनी उजवीकडचं पॅडल ओढलं. खट् असा बारीक, नीटस आवाज झाला. पुन्हा ओढलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून शेजारी बसलेल्या बायकोने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

मग मास्तरांनी विचारलं, "समजा, डावा हात कामात असला तर?"

"कामात म्हणजे, सर?"

"म्हणजे चहाचा कप असला हातात."

"मग गाडीचा वेग कमी झाला की ती स्वतःच गिअर खाली आणते."

"ते झालं. पण मोठा उतार आहे, मला वेग वाढायच्या आधीच गिअर खाली आणायचाय. मग?"

विक्रेता तसा प्रामाणिक होता. "मग डावीकडचंच पॅडल लागेल, सर."

मास्तरांनी उजवा हात स्टिअरिंगवरून काढून डावीकडे नेऊन पाहिला. बोटं पॅडलला लागली, पण स्टिअरिंग मोकळं सुटलं. ते त्यांनी दोनदा केलं आणि सोडून दिलं.

बिनपॅडलची ऑटोमॅटिकही होती. ती लगेच मिळत होती, पॅडलवालीला दीड महिना थांबावं लागणार होतं. घरी येताना रिक्षात बायको म्हणाली, "अहो, मग ती साधीच घ्या ना. दोन पॅडलांपैकी एकच तर चालणार तुम्हाला."

"एक तर चालणार ना," मास्तर म्हणाले.

पॅडलवाली नोंदवली. ती येईपर्यंतचा दीड महिना घरात जरा बरा गेला. मास्तरांनी बादली पुन्हा ओट्याखाली सरकवली. गाडीचं माहितीपुस्तक त्यांनी वाचून काढलं, म्हणजे प्रत्येक पानाचा उजवीकडचा भाग वाचला आणि पुस्तक फार तुटक लिहिलंय अशी तक्रार केली. स्टिअरिंगवर एका हाताने फिरवता येईल अशी मूठ बसवून घेतली. लायसन्सवर बदल करून घ्यायला डॉक्टरचं पत्र लागणार होतं. त्याची तारीखही मिळाली. पण गाडी दारात आली आणि तारखेला अजून नऊ दिवस होते. मास्तरांना ते नऊ दिवस निघेनात.

"रविवारी सकाळी गोदामांच्या मागचा रस्ता मोकळा असतो," ते म्हणाले. "नुसतं जाऊन येऊ."

"पत्र मिळू दे."

"तू बस शेजारी. मी एकतीस वर्षं लोकांच्या शेजारी बसलो, मी मेलो का?"

ती बसली. नाही म्हणायला हवं होतं, हे तिला त्याच वेळी कळत होतं.

पहिली दहा मिनिटं मास्तर सुखात होते. रस्ता सरळ, दोन्हीकडे बंद शटरं. मूठ हातात छान बसली होती. त्यांनी पॅडल ओढलं, दुसरा पडला. पुन्हा ओढलं, तिसरा. गाडीचा आवाज कधी भरतो आणि कधी मोकळा होतो ते त्यांचं कानांचं गणित अजून तसंच्या तसं शाबूत होतं. प्रत्येक गिअर नेमक्या क्षणी पडत होता. "बघ," ते म्हणाले, "बघ, अजून येतंय." चौथा टाकताना ते गुणगुणतही होते.

गाडी हळूहळू डावीकडे सरकत होती.

"अहो, जरा इकडे घ्या," बायको म्हणाली. मग जोरात, "सायकल! अहो, सायकल!"

"कुठली सायकल?"

डाव्या आरशाला काहीतरी खडखडून लागलं. तिने हात घालून स्टिअरिंग उजवीकडे ढकललं आणि मास्तरांनी ब्रेक दाबला. ती उतरून मागे पळाली. एक रंगारी रस्त्याच्या कडेला बसला होता, कोपर सोललेलं, हँडलला अडकवलेली रंगाची बादली उपडी झालेली. पांढरा रंग रस्त्यावर पसरला होता आणि गाडीच्या डाव्या दारावर उडाला होता.

"दिसत नाही का हो?" तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "मी किती वेळ बाजूला बाजूला होतोय."

तिने रुमाल ओला करून त्याचं कोपर पुसलं, त्याला हात देऊन उठवलं, सायकलचं हँडल सरळ करून दिलं. गाडीतून मास्तर पुन्हा पुन्हा विचारत होते, "कोण होतं? कुठून आला?"

घरी आल्यावर तिने त्यांना हाताला धरून गाडीच्या डाव्या बाजूला नेऊन उभं केलं. रंग समोर आल्यावर त्यांना दिसला. बराच वेळ बघून ते म्हणाले, "ब्लाइंड स्पॉटमध्ये असणार, आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात. प्रत्येक गाडीला असतो. नव्या गाडीचा कुठे आहे ते कळायला वेळ लागतो." असं म्हणताना त्यांच्या आवाजात जराही शंका नव्हती. रंगाऱ्याला किती लागलं हे मात्र त्यांनी तीन वेळा विचारलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेतून, दार लावून घेऊन, तिने डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टरीणबाई म्हणजे तीच, चौकात रडलेली मुलगी. आता केस पिकायला लागले होते. मास्तर आत येताच ती उठून उभी राहिली. मास्तर खूश झाले. "अजून रडता का चौकात?" त्यांनी विचारलं.

"आता दुसऱ्यांना रडवते, मास्तर," ती म्हणाली आणि म्हटल्यावर तिला ते बोलल्याचं वाईट वाटलं.

तिने पाय तपासला, हात तपासला, अक्षरांचा तक्ता वाचून घेतला. मास्तरांनी उजव्या पायाने खोट्या ब्रेकवर असा काही जोर दिला की ती "वा" म्हणाली. मग तिने एक कोरा कागद पुढे ठेवला. त्यावर एक वर्तुळ काढलेलं होतं. "मास्तर, हे घड्याळ समजा. ह्यात आकडे भरा."

"मी शाळेत आलोय का?"

"भरा तर खरं."

मास्तरांनी पेन्सिल घेतली आणि मन लावून आकडे लिहिले. बारा, एक, दोन. अक्षर पहिल्यापासून सुरेख. अकरापर्यंत सगळे लिहून झाल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "झालं."

"सगळे आले?"

"मोजा की."

तिने कागद धरून हळूच खालची बाजू वर येईल असा फिरवला आणि त्यांच्या समोर ठेवला. मास्तरांनी पाहिलं. एका बाजूला आकड्यांची चेंगराचेंगरी, एकावर एक चढलेले. आणि दुसरी बाजू पूर्ण रिकामी.

"हे कुणी काढलं?" मास्तर म्हणाले.

खोलीत पंख्याचा आवाज होता. मास्तरांनी बोट त्या रिकाम्या भागावरून फिरवलं, जणू तिथे काही लिहिलेलं असेल आणि पुसट झालं असेल. मग ते म्हणाले, "तो रंगारी."

"हो," बायको म्हणाली.

"मला वाटलं, हाताचं आणि पायाचंच आहे सगळं. त्याचीच सोय बघत बसलो मी." ते डॉक्टरीणबाईंकडे वळले. "हे असं नव्या विद्यार्थ्याचं असतं तर मी त्याला बसूच दिलं नसतं. तुम्ही पत्र देऊ नका."

"नाही देत, मास्तर," ती म्हणाली. तिने चष्मा काढला आणि पुसत राहिली.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "तू सांगितलंस तिला?"

"हो."

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"हॉस्पिटलपासून."

"मग गाडी का घेऊ दिलीस?"

"तुम्हाला झोप लागायला लागली होती," ती म्हणाली.

मास्तर त्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते चार दिवस जवळजवळ बोललेच नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "गुरुवारी फिजिओकडे रिक्षाने जायचं ना?" आणि तिने सांगितलं की तिने स्कूलमध्ये नाव घातलंय. शिकवणारे नवे मास्तर पंचविशीतले होते आणि कधी ओरडत नसत. दुसऱ्या प्रयत्नात ती पास झाली.

स्कूलच्या मालकाला मास्तरांची फार हळहळ. त्याने त्यांना वर्गात बसून रस्त्याचे नियम शिकवायला बोलावलं. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. फळ्यावर त्यांनी चौक काढला, बाण काढले, कोणी कुणाला वाट द्यायची ते समजावलं. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. मग सगळ्यात पुढे बसलेली एक मुलगी चाचरत म्हणाली, "सर, चौकाला तीनच रस्ते आहेत." मास्तर फळ्यापासून मागे सरकले, मान मुद्दाम पूर्ण डावीकडे वळवली आणि रिकामा अर्धा फळा पाहिला. त्यांनी डस्टर उचललं, काढलेलं सगळं पुसलं, हात झटकला आणि काठी घेऊन बाहेर आले. पुन्हा गेले नाहीत.

गुरुवारचं येणं-जाणं वर्षभर चाललं. बायको चालवायची, मास्तर शेजारी बसायचे. कधी तिचं वळण चुकायचं, कधी ब्रेक उशिरा लागायचा आणि तिची मान आपोआप आखडायची. पण ते काही म्हणायचे नाहीत. एकदा तिने न राहवून विचारलं, "चुकलं ना माझं?" ते म्हणाले, "चांगली चालवतेस तू." हे त्यांनी एकतीस वर्षांत कुणालाही म्हटलं नव्हतं, आणि ते ऐकून तिला रडू कोसळलं. तिने गाडी बाजूला घेतली. मास्तर समोर बघत बसून राहिले. तिच्या पाठीवर हात ठेवायला त्यांचा उजवा हात होता. तो त्यांनी उचलला, पण तो सीटबेल्टच्या पट्ट्यात अडकला आणि सोडवेपर्यंत तिचे डोळे पुसून झाले होते.

वर्ष संपलं तेव्हा फिजिओने सांगितलं, आता ह्याच्यापुढे फारशी सुधारणा व्हायची नाही. घरच्या घरी व्यायाम करत राहा. ती हे हसत हसतच म्हणाली, पण निरोप देताना दारापर्यंत आली. गुरुवार मोकळे झाले.

गाडी उभी राहून बॅटरी उतरते म्हणून बायको आता आठवड्यातून एकदा ती बाहेर काढते. पहिल्यांदा तिने विचारलं, "येता का? एक चक्कर मारू." मास्तर म्हणाले, "तू जा." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही, नुसती किल्ली घेतली.

सुरुवातीला ती वीस मिनिटांत परत यायची. हल्ली तास-दीड तास लागतो. परत येते तेव्हा चेहरा वाऱ्याने लाल झालेला असतो आणि ती भराभर कामाला लागते, जास्तच भराभर. मास्तर खुर्चीत बसलेले असतात. कुठवर गेली होतीस, असं ते विचारत नाहीत. जेवायला बसल्यावर ती पाणी वाढते आणि ताट फिरवते. आता त्यांना ते कळतं. ते पुढ्यात आलेलं जेवतात.